वय बाजूला ठेवा, मुद्द्यावर बोला: संपादक आणि अँकर मंडळींना खुलं पत्र

न्यूज चॅनल आणि पेपर चालवणाऱ्या संपादकांनो, आणि रोज रात्री डिबेट घेणाऱ्या अँकर मंडळींनो,

नमस्कार.

क्लायमेट चेंजवर तुमच्याकडे चर्चा लागली की ती हमखास एकाच ठिकाणी येऊन अडकते. ही पोरं कोण, यांना काय कळतं, यांच्या मागे कोण आहे, यांनी शाळेत बसावं की रस्त्यावर यावं. तासभर त्यावरच हाणामारी चालते, एक बाजू म्हणते मुलांना भडकवलंय, दुसरी म्हणते आता मुलंच जगाला वाचवणार, आणि पोरं जे बोलली ते बरोबर होतं की चूक हे शेवटपर्यंत कुणीच सांगत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. वारे, समुद्रप्रवाह, तापमान, पाऊस हे सगळं आम्ही वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो, मार्क देतो, आणि तेच शिकलेलं एखादं पोरगं उठून मोठ्यांना प्रश्न विचारायला लागलं की त्याला "तुझं वय काय" असं ऐकवलं जातं, हे मला अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

ग्रेटा थनबर्गचंच घ्या, कारण तुमची सगळी भांडणं तिच्यापासून सुरू होतात. ऑगस्ट २०१८ मध्ये १५ वर्षांची ती मुलगी स्वीडनच्या संसदेबाहेर बोर्ड घेऊन बसली, तिथून ते शुक्रवारचे शाळा-संप जगभर गेले हे सगळ्यांना माहीत आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ती रागाने बोलली, तुमची हिंमतच कशी होते असं म्हणाली, तेवढी काही सेकंदांची क्लिप तुम्ही इतक्यांदा दाखवली की तिचा चेहरा पाठ झाला लोकांना. पण त्याच भाषणात तिने आकडे दिले होते. ती म्हणाली की तापमानवाढ (कारखानदारी सुरू होण्याआधीच्या तुलनेत) १.५ अंशाच्या आत ठेवण्याची ६७ टक्के शक्यता हवी असेल तर १ जानेवारी २०१८ पासून पुढे जगाकडे फक्त ४२० गिगाटन, म्हणजे ४२० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडायची मुभा उरली होती, त्यातले आता ३५० पेक्षाही कमी उरलेत, आणि आजच्या वेगाने गेलो तर साडेआठ वर्षांच्या आत ते पण संपतील. हा ४२० चा आकडा तिच्या मनातला नाही, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या समितीच्या, २०१८ च्या रिपोर्टमधला आहे.

आता यावर खरी डिबेट होऊ शकते, आणि चांगली होऊ शकते. २०२१ च्या रिपोर्टमध्ये आयपीसीसीने हिशेब सुधारला, तिथे साधारण तेवढ्याच शक्यतेसाठी २०२० च्या सुरुवातीपासून ४०० अब्ज टन असा आकडा आला, म्हणजे आधी वाटलं होतं त्यापेक्षा थोडी जास्त जागा निघाली. का निघाली? हिशेबात काय बदललं? दर वर्षी जग ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं, मग यातून किती वर्षं मिळाली? एखादा शास्त्रज्ञ बसवून हे विचारलं असतं तर प्रेक्षकांना एका संध्याकाळी केवढं तरी कळलं असतं, ग्रेटाचा आकडा कुठे पक्का आणि कुठे कच्चा हेही कळलं असतं. माझ्या पाहण्यात तरी असं कुठे झालं नाही. चर्चा झाली ती तिच्या चेहऱ्यावर, तिच्या ऑटिझमवर, तिच्या आईवडिलांवर. एका १६ वर्षांच्या मुलीच्या ऑटिझमवर मोठी माणसं टीव्हीवर बसून शेरे मारत होती.

न्यूयॉर्कच्या त्या भाषणाच्या पाचच दिवस आधी, १८ सप्टेंबरला, तिला अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर बोलावलं होतं. अशा सुनावणीत साक्षीदार आपलं लेखी म्हणणं सादर करतो. तिने काय सादर केलं, तर आयपीसीसीचा १.५ अंशांवरचा तो रिपोर्ट. म्हणाली माझं ऐकू नका, शास्त्रज्ञांचं ऐका. ज्या मुलीबद्दल तुम्ही इतकी वर्षं "हिला काय कळतं" म्हणताय ती स्वतःच सांगत होती की माझ्याकडे बघू नका, हा कागद उघडा. डॉक्टरचा रिपोर्ट घरातल्या लहान पोराने आणून दिला म्हणून कुणी तो न वाचता बाजूला ठेवतं का? इथे मात्र नेमकं तेच झालं.

"मुलांनी शाळेत जावं" हा आक्षेप मी स्वतः शिक्षक असल्यामुळे गांभीर्याने घेते. वर्ग बुडालेला मलाही आवडत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन संसदेत म्हणाले होते की शाळांमध्ये शिकणं जास्त आणि चळवळ कमी हवी. ठीक आहे, ते त्यांचं मत. पण मार्च २०१९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या २६ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं की या मुलांची काळजी रास्त आहे आणि तिला विज्ञानाचा आधार आहे. ज्यांनी आयुष्यभर हा अभ्यास केला ते म्हणतायत मुलांचा धडा बरोबर पाठ आहे, मग त्यांना परत तोच धडा वाचायला बसवून काय मिळवायचं? तुम्ही हे २६ हजारवालं पत्र मॉरिसनच्या वाक्याच्या शेजारी ठेवून दाखवलं असतं तर प्रेक्षकाने स्वतः ठरवलं असतं.

आणि हो, "कुणीतरी शिकवून पाठवलंय". शिकवलंयच की! आम्हीच शिकवलंय. कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापते हे स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियसने १८९६ मध्ये हिशेब करून मांडलं. १९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय. नासाचा शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सनने जून १९८८ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर जाऊन सांगितलं की तापमानवाढ सुरू झालीये. हे सगळे मोठे, शिकलेले, पदवीवाले लोक होते, तेव्हा वयाचा प्रश्न नव्हता, तरी त्यांचं कुठे ऐकलं गेलं. त्यामुळे मुलं लहान आहेत म्हणून आम्ही ऐकत नाही हे कारण मला मुळातच खरं वाटत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मला टाळायचा नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन म्हणाले की आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लोकांना स्वीडनसारखं आयुष्य हवंय, त्यांना जाऊन सांगा की तुम्ही अजून काही वर्षं गरिबीतच राहा. बोलणारा माणूस तेल-गॅस विकणाऱ्या देशाचा प्रमुख आहे हे खरं, पण प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या घरात अजून धड वीज पोचली नाही त्यांना उत्सर्जन कमी करा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? श्रीमंत देशातल्या मुलाने हे बोलणं आणि गरीब देशातल्या मुलाने बोलणं यात फरक आहेच. मग उपाय काय, तर गरीब देशातल्या मुलांना बोलू द्या. आणि इथेच तुमच्या धंद्याचा दोष सगळ्यात स्पष्ट दिसतो.

जानेवारी २०२०, स्वित्झर्लंडमधलं दावोस, जिथे जगातले नेते आणि उद्योगपती दर वर्षी जमतात. हवामानासाठी लढणाऱ्या पाच तरुण मुली पत्रकार परिषदेच्या वेळी एका ओळीत उभ्या होत्या, फोटो काढला गेला. त्यातली एक युगांडाची व्हनेसा नकाटे, बाकीच्या चार युरोपातल्या गोऱ्या मुली, ग्रेटा धरून. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जो फोटो पाठवला त्यात चारच मुली होत्या. व्हनेसा अगदी कडेला उभी होती, तिला क्रॉप करून टाकलं होतं. कारण असं दिलं की तिच्या मागे इमारत होती, फोटोची चौकट नीट दिसावी म्हणून कापलं. नंतर संस्थेने फोटो बदलला, माफीही मागितली. पण बघा ना, जो खंड एकूण उत्सर्जनात अगदी थोडा वाटा उचलतो आणि दुष्काळ, पूर सगळं भोगतो, त्या खंडातून आलेली त्या ओळीतली एकुलती एक मुलगी, आणि तीच फोटोतून गेली, कुणाच्या मनात आकस असेल नसेल, पण कडेला कोण आहे ते बघून कात्री चालली. मग तुम्हीच नंतर म्हणता की ही चळवळ म्हणजे युरोपातल्या सुखवस्तू पोरांचे चोचले आहेत. तुम्ही दाखवता त्याच मुली लोकांना दिसणार ना?

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते सांगते, कारण ते तुमच्या प्राइम टाइमला जवळजवळ आलंच नाही.

वनुआतू नावाचा प्रशांत महासागरातला छोटा बेटांचा देश आहे. मार्च २०१५ मध्ये पॅम नावाचं महाभयंकर चक्रीवादळ त्यावरून गेलं. तिथे युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकचा कायद्याचा कॅम्पस आहे. २०१९ मध्ये तिथल्या वर्गातल्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की क्लायमेट चेंजबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय आहे हा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायला लावायचा. विद्यार्थ्यांना तिथे थेट जाता येत नाही, देशांनाच जावं लागतं, आणि असं मत मागायला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव लागतो. म्हणून त्यांनी आधी प्रशांत बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली. वनुआतूच्या सरकारने मनावर घेतलं. मग एकेक देश जोडत जायचं काम सुरू झालं, वर्षानुवर्षं, मसुदे, दुरुस्त्या, बैठका, त्यात मध्येच कोविड. २९ मार्च २०२३ ला आमसभेत ठराव एकमताने मंजूर झाला, १३० पेक्षा जास्त देश सहप्रायोजक होते. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली, ९० पेक्षा जास्त देश बोलायला उभे राहिले. आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामान वाचवायची जबाबदारी ही देशांवरची कायदेशीर जबाबदारी आहे, ती मोडली तर नुकसानभरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि कोळसा-तेल-गॅसचं उत्पादन, त्यांचा वापर, शोधाचे परवाने, सबसिडी याबाबतीत देशाने योग्य पावलं उचलली नाहीत तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं. मत बंधनकारक नाही, हे पण सांगायलाच हवं. पण जगातल्या कितीतरी कोर्टांत यापुढे ते वाचून दाखवलं जाणार हे नक्की.

हे एका कॉलेजच्या वर्गात सुरू झालं होतं! कुणी रस्ता अडवला नाही, कुणी काही फेकलं नाही, अर्ज, पत्र, मसुदा, परत पत्र, असं करत सहा वर्षं. तरुण ॲक्टिव्हिस्टनी जबाबदारीने वागावं, व्यवस्थेच्या आत राहून काम करावं असं तुम्ही ज्यांना सांगता, त्यांनी ते करून दाखवलं. मग त्यांच्यावर किती तास डिबेट झाली? आणि १४ ऑक्टोबर २०२२ ला लंडनच्या नॅशनल गॅलरीत हवामानासाठी आंदोलन करणाऱ्या दोन तरुण मुलींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं त्यावर किती झाली? चित्राला काच होती म्हणून चित्र वाचलं, फ्रेम खराब झाली. मला ते कृत्य आवडलं नाही, आजही आवडत नाही, चित्राने कुणाचं काय बिघडवलं होतं, आणि ज्याला पटवायचंय तोच माणूस अशाने लांब जातो असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या दोघींना तुरुंगवास झाला, एकीला दोन वर्षं, दुसरीला २० महिने, ती शिक्षा मला जास्त वाटते पण तो वेगळा विषय. माझं म्हणणं एवढंच, की सूपला आठवडाभर आणि कायद्याच्या अर्जाला दोन ओळी असा हिशेब तुम्ही ठेवलात तर पुढच्या पोराला तुम्ही काय शिकवताय ते तुम्हीच बघा.

कोर्टाचंच चाललंय तर अजून एक. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये तिथला हवामान कायदा काही अंशी घटनाबाह्य ठरवला, तक्रारदारांत तरुण मंडळी होती, बांगलादेश आणि नेपाळमधले लोकही होते. कोर्टाचा तर्क साधा होता. कायद्यात उत्सर्जन कमी करायचे २०३० पर्यंतचेच टप्पे लिहिले होते, पुढचं अधांतरी. म्हणजे आत्ता थोडं थोडं कमी करायचं आणि सगळा जड भार २०३० नंतरवर टाकायचा, तेव्हा इतकी घाईघाईने कपात करावी लागेल की त्या वेळी जगणाऱ्यांच्या स्वातंत्र्यावर गदा येईल. सरकारने मग कायदा बदलला, २०३० चं कपातीचं लक्ष्य ५५ वरून ६५ टक्के केलं आणि कार्बन न्यूट्रल व्हायचं, म्हणजे जेवढं सोडतो तेवढंच शोषलं जाईल असं करायचं, वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. मुलांचा या डिबेटमध्ये रोल काय असं तुम्ही विचारता ना, तर हा रोल. ज्यांच्यावर बिल येणार आहे ते विचारतायत की खर्च कोण करतंय.

हरलेल्या केसेसही आहेत, त्या लपवू नका. अमेरिकेत २१ मुलांनी २०१५ मध्ये केंद्र सरकारवर केस टाकली होती, दहा वर्षं झगडून शेवटी ती गेलीच. ९ एप्रिल २०२४ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने पोर्तुगालच्या सहा तरुणांची तक्रार दाखलच करून घेतली नाही, आधी आपल्या देशातल्या कोर्टात गेला नाहीत हे त्यातलं एक कारण. आणि त्याच दिवशी, त्याच न्यायालयात स्वित्झर्लंडच्या म्हाताऱ्या बायकांची संघटना जिंकली, उष्णतेच्या लाटांचा त्रास वयस्क बायकांना जास्त होतो आणि सरकार पुरेसं करत नाही हे त्यांचं म्हणणं होतं. साठी-सत्तरीतल्या आज्या जिंकल्या, पोरं हरली. एका कोर्टाने एका दिवसात दाखवून दिलं की हे तरुण विरुद्ध म्हातारे असं भांडण नाहीच, पण तुमच्या पॅनलवर अजून तेच चालू आहे.

जे तुमच्यात मुलांच्या बाजूचे आहेत त्यांच्यावरही माझा राग आहे, थोडा जास्तच. "या मुलीने जगाला निःशब्द केलं" असा मथळा द्यायचा आणि झालं. १९९२ मध्ये रिओच्या पर्यावरण परिषदेत १२ वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी बोलली होती, मोठ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ती क्लिप आजही फिरते. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड ३५६ पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत ३५६ भाग) आसपास होता. २०२४ मध्ये ४२४ च्या वर. टाळ्या वाजवणं फुकट असतं. मुलांना देव्हाऱ्यात बसवलं की त्यांच्याशी वाद घालायची गरज उरत नाही, त्यांचं चुकलं तर चुकलं म्हणायची पण सोय राहत नाही. आणि चुकतं कधी कधी. "जगाकडे १२ वर्षं उरलीत" हे घोषणेसारखं फिरलं, अनेक तरुण तेच बोलत होते. आयपीसीसीने तसं म्हटलंच नव्हतं, तिथे होतं की १.५ च्या मार्गावर राहायचं तर २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के कमी व्हायला हवं. २०३० ला जग संपणार आणि २०३० पर्यंत एवढं काम व्हायला हवं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक मुलांना समोर बसवून, आदराने, मुद्दा धरून सांगायला हवा होता, तसं २०२४ चं वर्ष १.५ च्या वर गेलं म्हणजे तापमानवाढ १.५ वर रोखायचा प्रयत्न करू असं देशांनी ठरवलेला पॅरिस करार लगेच मोडला असं होत नाही, ते बऱ्याच वर्षांच्या सरासरीवर बघतात, हे पण. मुलं ऐकतात हो. मी रोज बघते, त्यांना खोडून काढलेलं चालतं, उडवून लावलेलं चालत नाही.

भीतीचा मुद्दा राहिला. मुलांना उगाच घाबरवलं जातंय असं म्हणतात. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार तरुणांचा सर्व्हे आला होता, त्यात ५९ टक्के खूप किंवा अतिशय काळजीत होते, आणि ही घालमेल सरकार पुरेसं करत नाही या भावनेशी जोडलेली दिसली. म्हणजे त्यांना गप्प बसवून भीती कमी होणार नाही, मोठी माणसं काहीतरी करतायत हे दिसलं तर होईल.

तर मागणं असं आहे. मुलाला बोलवा किंवा नका बोलवू, पण त्याने केलेला दावा स्क्रीनवर लिहा, शेजारी तो विषय जाणणारा शास्त्रज्ञ बसवा, आणि पहिला प्रश्न "हे खरं आहे का" असा विचारा. वय, आई-बाप, आजार, कपडे हे प्रश्न पॅनलवरच्या साठीच्या माणसाला विचारत नसाल तर १६ वर्षांच्या मुलीलाही विचारू नका. फोटो कापायच्या आधी कडेला कोण आहे ते बघा. आणि पुढच्या कॉपच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेच्या, आठवड्यात तुमच्या स्टुडिओत कुठल्याही देशाचा, कुठल्याही पक्षाचा मंत्री बसला असेल, तर त्याला हेगच्या मतातलं परवाने आणि सबसिडीवालं ते वाक्य वाचून दाखवा, मग विचारा की तुमच्या सरकारने गेल्या वर्षभरात तेल-कोळशाचे किती नवे परवाने दिले आणि किती सबसिडी दिली, आणि आकडा मिळेपर्यंत कृपा करून दुसऱ्या पॅनलिस्टकडे वळू नका.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका